अपोलोच्या संगणकाशी कसं बोलायचं: उद्यमनगरातल्या एका सेटरची शिकवणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी सेटर आहे, म्हणजे मशीन कामाला जुळवून देणारा. नवीन पोरगं कामाला आलं की पहिले दोन दिवस मी त्याला एकही बटण दाबू देत नाही. सीएनसीच्या, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनच्या, पॅनेलसमोर उभं करतो आणि सांगतो, नुसतं बघ. कुठला दिवा कधी लागतो, आकडा कधी हलतो, आणि मशीन चालू आहे की तुझी वाट बघत थांबलंय, एवढं ओळखायला शीक. त्याला वाटतं मामा खडूस आहे. वाटू दे.

गेल्या पावसाळ्यात माझी आठवीतली भाची एक फोटो घेऊन आली. अपोलो यानातल्या संगणकाचं पॅनेल. शाळेत त्यावर काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणाली, "मामा, ह्याला स्क्रीनच नाही की! माऊस नाही, अक्षरं नाहीत. मग ते लोक ह्याच्याशी बोलायचे कसं?" मी चष्मा लावून बघितलं आणि हसायलाच आलं. हे तर आमचं एमडीआय पॅनेल, मशीनला हातानं आकडे भरायचं! आकडे, अधिक-उणे, रीसेट, आणि वर अलार्मचे दिवे. एकतीस वर्षं मी ह्याच्याच भावंडांसमोर उभा आहे.

त्यानंतर दोन महिने आम्ही दोघांनी दर रविवारी तो संगणक चालवला. म्हणजे खराच, कारण १९६९ साली चंद्रावर गेलेला मूळ प्रोग्रॅम आज लॅपटॉपवर चालतो. तुम्हालाही चालवायचा असेल तर आम्ही ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं सांगतो.

सामान

रोनाल्ड बर्की नावाच्या अमेरिकन माणसानं सुरू केलेला 'व्हर्च्युअल एजीसी' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या. त्यात अपोलो ११ चे दोन्ही प्रोग्रॅम आहेत. मुख्य यानाचा 'कोमांचे ५५' आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा 'ल्युमिनरी ९९'. सुरुवात मुख्य यानाच्या प्रोग्रॅमनं करा.

दुसरं सामान म्हणजे बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर पॅनेलचं चित्र खऱ्या मापात चिकटवा. बोटांना सवय ह्या पुठ्ठ्यावर होते, माऊसनं टिचक्या मारून होत नाही. आणि तिसरं, सोबत एक माणूस पाहिजेच. एक वाचणार, एक दाबणार. हे काम एकट्याचं नव्हतंच.

आधी पॅनेल वाचा

त्या पॅनेलचं नाव 'डिस्की'. (व्हिस्कीशी यमक जुळतं म्हणून आमच्या शॉपवरची, म्हणजे वर्कशॉपमधली, पोरं महिनाभर हसत होती.) वर डावीकडे इशाऱ्याचे दिवे, वर उजवीकडे हिरवे चमकणारे आकडे, खाली १९ बटणं. शून्य ते नऊ, अधिक, उणे, आणि सात कामाची: व्हर्ब, नाउन, एंटर, क्लिअर, प्रोसीड, की रिलीज, रीसेट. बटणं मोठी आणि लांब लांब, कारण स्पेससूटचे हातमोजे घालून दाबायची.

आकड्यांच्या खान्यात वर दोन आकडी 'प्रोग', म्हणजे आत्ता कुठला प्रोग्रॅम चालू आहे. त्याखाली दोन आकडी व्हर्ब आणि दोन आकडी नाउन. त्याच्याखाली पाच-पाच आकड्यांच्या तीन ओळी, प्रत्येकीला पुढे चिन्हाची जागा. बस. चंद्रापर्यंतच्या सगळ्या गप्पा एवढ्याच खिडकीतून.

ह्याच्या मागची पेटी ३२ किलोची. हवी तेव्हा पुसून लिहिता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची, आणि कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची. (संगणकाचा 'शब्द' म्हणजे आकडा साठवायचा एक कप्पा.) ही कायमची मेमरी हातानं विणलेली होती, हे वाचून मी थांबलोच. अमेरिकेत वॉल्थम म्हणून घड्याळांचं गाव, तिथल्या कारखान्यात बायका बारीक तार छोट्या छोट्या चुंबकी कड्यांतून ओवायच्या. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एकदा विणलं की बदल नाही. इचलकरंजीचा माणूस हे ऐकून लगेच मान डोलावेल. धागा चुकला की कापडात दिसतो, इथं चुकला तर यानात.

पहिला धडा: सगळे दिवे

व्हर्ब, ३, ५, एंटर.

सगळीकडे आठ-आठ-आठ उमटतील, सगळे दिवे लागतील आणि काही सेकंदांनी आपोआप थांबेल. ही दिव्यांची चाचणी. हे आधी का, तर जो दिवा उडालाय तो उद्या इशारा देणार नाही. मीही सकाळी मशीन चालू केलं की आधी हेच बघतो.

दुसरा धडा: क्रियापद आणि नाम

आता खरी गंमत. व्हर्ब म्हणजे क्रियापद, काय करायचं. नाउन म्हणजे नाम, कशाचं करायचं. दोन आकडी क्रियापद, दोन आकडी नाम, आणि एंटर म्हणजे पूर्णविराम. झालं वाक्य. ही युक्ती एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी काढली. संगणक तिथंच घडला आणि प्रोग्रॅमही तिथंच लिहिले गेले.

घड्याळ बघूया. नाउन ३६ म्हणजे संगणकाचं घड्याळ. व्हर्ब १६ म्हणजे 'दशमानात दाखव, आणि दाखवत राहा'.

व्हर्ब, १, ६, नाउन, ३, ६, एंटर.

पहिल्या ओळीत तास, दुसरीत मिनिटं, तिसरीत सेकंद. दर सेकंदाला आकडा पुढे सरकतो.

इथं भाचीनं मला पकडलं. म्हणाली, "मामा, आपण 'दाखव घड्याळ' म्हणत नाही. 'घड्याळ दाखव' म्हणतो. आधी नाम दाबलं तर?" मी म्हटलं बघूया की. नाउन ३६, व्हर्ब १६, एंटर. चाललं! पुस्तिकेत बघितलं तर तसंच लिहिलेलं: कुठलंही आधी दाबा. आणि आधी दाबलेलं नाम तसंच ठेवून नुसतं क्रियापद बदललं तरी चालतं. इंग्रजी बोलणाऱ्या माणसांनी बनवलेला संगणक मराठी वाक्यरचना मुकाट्यानं ऐकून घेतो. आम्ही तेव्हापासून नाम आधीच दाबतो. खाली लिहिताना मात्र त्यांच्या चेकलिस्टसारखं क्रियापद आधी ठेवतो, म्हणजे तुम्ही दुसरीकडे वाचलंत तर गोंधळ नको.

पाठ करायची क्रियापदं फार नाहीत. ०५ म्हणजे अष्टमानात, नुसत्या ० ते ७ ह्या आकड्यांच्या मोजणीत, दाखव. ०६ म्हणजे दशमानात एकदा दाखव. १६ म्हणजे दाखवत राहा. २१, २२, २३ म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या ओळीत मी आकडा भरतो, आणि २५ म्हणजे तिन्ही भरतो. ३५ दिवे. ३७ प्रोग्रॅम बदल. अंतराळवीरांना याहून कितीतरी जास्त पाठ होती, शिवाय समोर चिकटवलेले तक्ते आणि हातात चेकलिस्ट. पूर्ण चांद्रमोहिमेत सुमारे १०,५०० वेळा बटण दाबावं लागायचं असा हिशेब आहे. आमच्याकडे एका शिफ्टमध्ये पोरं त्याहून जास्त वेळा मोबाइलला हात लावतात.

तिसरा धडा: आकडा भरणे, आणि पॉइंट कुठाय

घड्याळ लावा. समजा साडेबारा वाजलेत.

व्हर्ब, २, ५, नाउन, ३, ६, एंटर. व्हर्ब आणि नाउन लुकलुकायला लागतील आणि पहिली ओळ कोरी होईल. अधिक, ०, ०, ०, १, २, एंटर. मग दुसरी ओळ: अधिक, ०, ०, ०, ३, ०, एंटर. तिसरी: अधिक, ०, ०, ०, ०, ०, एंटर.

दोन गोष्टी अंगात भिनवा. चिन्ह दाबून आकडा टाकला तर तो दशमान. चिन्ह न दाबता टाकला तर अष्टमान, आणि अष्टमानात आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. मुद्दाम चूक करून बघा. आकडा भरताना चिन्ह न देता ८ दाबा. 'ऑपरेटर एरर'चा दिवा लागेल. घाबरू नका. रीसेट दाबा, क्लिअर दाबा, परत टाका. संगणक ओरडत नाही की उपदेश करत नाही. नुसता दिवा लावतो. मला हे फार आवडलं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. ह्या पॅनेलवर दशांश चिन्हच नाही. पॉइंट कुठं आहे हे नामावरून तुम्ही लक्षात ठेवायचं. घड्याळाच्या तिसऱ्या ओळीत ०३००० म्हणजे तीन हजार सेकंद नव्हेत, ३०.०० सेकंद. नाउन ४३ म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची. यान आपल्या कोल्हापूरच्या डोक्यावर आणून जमिनीला टेकवलं असं धरा, तर ओळी अशा दिसतील: अधिक ०१६७०, अधिक ०७४२४, अधिक ००००३. म्हणजे १६.७० अंश उत्तर, ७४.२४ अंश पूर्व, आणि ०.३ सागरी मैल. पहिल्या दोन ओळींत पॉइंट दोन घरं आत, तिसरीत एकच घर. आतमध्ये हिशेब मेट्रिकमध्ये चालायचा. पॅनेलवर मात्र फूट आणि सागरी मैल, कारण वैमानिकांना तीच सवय.

पॉइंटची किंमत मला विचारा. बऱ्याच वर्षांपूर्वी शिरोलीकडच्या एका शॉपमध्ये, सेटर म्हणून नवाच होतो तेव्हा, टूल वर उचलायला झेड ५० लिहिलं आणि पुढचा पॉइंट विसरलो. त्या कंट्रोलला पॉइंट नसला की तो आकडा मायक्रॉन समजायचा. टूल ५० मिलिमीटर वर जायच्या ऐवजी केसाएवढं उचललं आणि त्याच वेगात आडवं जाऊन क्लॅम्पवर धडकलं. कटरचे तुकडे, स्पिंडलचा आवाज, आणि सगळ्या शॉपची मान माझ्याकडे. चूक माझीच होती. म्हणून भाचीला मी प्रत्येक नामासमोर पेन्सिलनं पॉइंटची जागा लिहायला लावली. तिनं कंटाळत लिहिली, पण लिहिली.

चौथा धडा: कोण कुणाची वाट बघतंय

सगळ्या शिकवणीत मला एकच धडा ठेवायचा असता तर हा ठेवला असता.

व्हर्ब आणि नाउनचे आकडे स्थिर असतील तर संगणक त्याच्या कामात आहे. तुम्ही नुसते बघे. आकडे लुकलुकत असतील तर चेंडू तुमच्याकडे आहे. संगणक विचारतोय, आणि तुम्ही उत्तर दिल्याशिवाय तो प्रश्न सुटणार नाही.

करून बघा. व्हर्ब, ३, ७, एंटर. आकडा लुकलुकतो: कुठला प्रोग्रॅम? ०, ०, एंटर. वर प्रोगच्या खान्यात ०० येतं. हा रिकामा बसायचा प्रोग्रॅम.

लुकलुकणाऱ्या आकड्याला उत्तरं ढोबळमानानं तीन. प्रोसीड म्हणजे 'पटलं, पुढे जा'. नवे आकडे भरणं म्हणजे 'तुझं चुकलंय, हे घे'. आणि व्हर्ब ३४ एंटर म्हणजे 'राहू दे, बंद कर'. मोठ्यात मोठा निर्णयसुद्धा असाच व्हायचा. इंजिन पेटवायच्या पाच सेकंद आधी पॅनेलवर ९९ लुकलुकायचं. व्हर्ब ९९ चा अर्थ: पेटवू का? अंतराळवीरानं प्रोसीड दाबलं तरच इंजिन पेटायचं. सगळं गणित संगणकानं केलेलं, पण होकार माणसाचा. आमच्याकडचा सायकल स्टार्ट, म्हणजे मशीनला 'कर सुरू' म्हणायचं बटण, तेही हेच. त्या हिरव्या बटणावर बोट ठेवायच्या आधी माझं पोट अजून आत ओढलं जातं.

आता उलट बाजू. तुम्ही घड्याळ लावून बसलाय आणि संगणकाला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. तो तुमच्या हातातून खिडकी हिसकावत नाही. 'की रिलीज'चा दिवा लुकलुकवतो. म्हणजे, 'जरा सरकता का? मला बोलायचंय.' तुम्ही की रिलीज दाबलं की खिडकी त्याची. आमच्या घरात एवढी रीत कुणी पाळत नाही.

चुका करायला शिका

डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राभोवती फिरून परत येत होतं. जिम लोव्हेल ताऱ्यांवर दुर्बीण धरून यानाची जागा मोजायचं काम करत होता. त्यासाठी प्रोग्रॅम २३ आणि तारा क्रमांक ०१ द्यायचा होता. हातून गेलं प्रोग्रॅम ०१. आणि प्रोग्रॅम ०१ म्हणजे उड्डाणाच्या आधीची तयारी. बिचाऱ्या संगणकाला वाटलं आपण फ्लोरिडात लाँचपॅडवर उभे आहोत. यान कुठल्या दिशेला तोंड करून आहे ही त्याची आठवणच गेली. लोव्हेलला तारे शोधून ती दिशा पुन्हा बसवावी लागली.

ह्या गोष्टीचं मूळ मार्गारेट हॅमिल्टन सांगायच्या. एमआयटीत यानाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांची लहान मुलगी लॉरेन प्रयोगशाळेत पॅनेलशी खेळताना नेमकं हेच करून बसली होती आणि सिम्युलेटर बंद पडला होता. हॅमिल्टनबाईंना त्यासाठी अडसर घालायचा होता. अंतराळवीर असली चूक करणार नाहीत, असं उत्तर मिळालं. माझ्या भाचीला लॉरेनची गोष्ट लोव्हेलच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडली, हे सांगायला नको.

तेव्हा घरी सरावाला बसलात की प्रत्येक आकडा एंटर दाबायच्या आधी मोठ्यानं वाचा. दाबणाऱ्यानं म्हणायचं, 'व्हर्ब सदतीस, तेवीस.' वाचणाऱ्यानं खिडकीत बघून म्हणायचं, 'बरोबर.' मगच एंटर.

अलार्म आला तर

इशाऱ्याच्या दिव्यांतला 'प्रोग'चा पिवळा दिवा लागला की व्हर्ब, ०, ५, नाउन, ०, ९, एंटर. ओळींत अलार्मचे क्रमांक येतात. रीसेटनं दिवा जातो. पण आधी क्रमांक वाचा, मग रीसेट. आमच्याकडं पोरांचं उलटं असतं. आधी रीसेट, मग 'मामा, काहीतरी अलार्म होता.'

२० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन उतरत होते, तेव्हाचा हाच दिवा. दोघं उभे होते, पॅनेल दोघांच्या मध्ये. आर्मस्ट्राँगचं लक्ष उतरण्यावर, आल्ड्रिनचं आकड्यांवर. रडारनं मोजलेली उंची आणि संगणकाची उंची ह्यांतला फरक बघायला आल्ड्रिननं व्हर्ब १६ नाउन ६८ लावलं होतं. दिवा लागला. क्रमांक १२०२.

१२०२ चा अर्थ साधा आहे. हातात कामं जास्त झाली, नवीन काम मांडायला टेबलावर जागा उरली नाही. कारण वेगळंच होतं. वर फिरणाऱ्या मुख्य यानाला शोधायचं रडार चालू होतं आणि त्याचा स्विच अशा जागी होता की ते उगाचच संगणकाला हजारो वेळा टोचत होतं. त्या टोचण्यातच संगणकाचा जवळपास सातवा भाग वेळ चालला होता. त्यात आल्ड्रिनचं 'दाखवत राहा' आलं की काठ ओलांडायचा.

इथं दोन्हीकडची माणसं बघण्यासारखी. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात यानाच्या संगणकावर नजर ठेवायच्या खुर्चीवर स्टीव्ह बेल्स हा २६ वर्षांचा पोरगा, आणि त्याला मागच्या खोलीतून आधार देणारा जॅक गार्मन २४ चा. काही दिवस आधी सरावात असाच अलार्म आला तेव्हा बेल्सनं मोहीम रद्द करायला सांगितली होती, आणि ते चुकीचं ठरलं होतं. त्यानंतर गार्मननं सगळ्या अलार्मांची यादी हातानं लिहून काचेखाली ठेवली होती. म्हणून काही सेकंदांत उत्तर गेलं: सतत येत नसेल तर पुढे जा.

आणि संगणकानंही त्याचं काम केलं. भार वाढला की तो सगळं टाकून पुन्हा सुरू व्हायचा. त्यात उतरण्याचं गणित पहिल्यांदा हातात घ्यायचा आणि बिनमहत्त्वाची कामं सोडून द्यायचा. घरात पाणी शिरलं तर माणूस टीव्ही नव्हे, कागदपत्रं आणि म्हातारी आई आधी उचलतो. २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठच्या माणसांनी हेच केलं.

घरी ह्याचा सराव असा करा. एकानं पुठ्ठ्याच्या मागे बसून संगणक व्हायचं. दुसरा काहीतरी आकडे भरत असताना मध्येच टॉर्च लावून 'प्रोग' म्हणायचं. दाबणाऱ्यानं हातातलं काम न सोडता ०५, ०९, एंटर करून क्रमांक वाचायचा. भाची पहिल्या तीन वेळा ओरडली. चौथ्यांदा नुसतं म्हणाली, "बाराशे दोन," आणि पुढे चालू.

खिडकीचा धडा

हा मला सगळ्यात आवडला, कारण त्यात संगणक, काच आणि डोळा तिन्ही आहेत. उतरताना प्रोग्रॅम ६४ लागला की यान सरळ होऊन खिडकीतून जमीन दिसायची. संगणक पॅनेलवर एक कोन द्यायचा. आल्ड्रिन तो मोठ्यानं वाचायचा, आणि आर्मस्ट्राँगच्या खिडकीच्या काचेवर अंशांच्या रेघा कोरलेल्या असायच्या. त्या अंशाच्या रेघेतून बघितलं की जी जागा दिसते, तिथं संगणक तुम्हाला नेतोय. जागा पसंत नसेल तर हातातली दांडी हलवायची, एकेका झटक्याला जागा सरकते.

रेघा काचेच्या दोन्ही थरांवर होत्या, आतल्या आणि बाहेरच्या. आतली रेघ बाहेरच्या रेघेवर बसली तरच डोळा योग्य जागी आहे. व्हर्निअर वाचताना डोळा तिरका असला की एक घर चुकतं, तोच हा आजार आणि तोच इलाज. ताईच्या घरच्या खिडकीतून रंकाळ्यापलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतो. एक पारदर्शक कागद काचेवर, दुसरा वीतभर पुढे दोरीनं टांगला. दोन्हींवर स्केचपेननं रेघा. मी आकडा ओरडायचो, भाची रेघा जुळवून कुठलं झाड की कुठला मनोरा ते सांगायची. तासभर गेला. ताईनं दोनदा जेवायला हाक मारली.

शेवटी आर्मस्ट्राँगनं संगणक नेत होता ती दगडांची जागा टाळली आणि प्रोग्रॅम ६६ मध्ये हाताखाली घेतलं. त्यातही संगणक सुटला नव्हता. एका छोट्या स्विचला एक टिचकी दिली की उतरण्याचा वेग सेकंदाला एक फुटानं बदलायचा, आणि इंजिनाची आच संगणक सांभाळायचा.

गच्चीवरचा धडा

प्रोग्रॅम ५२ म्हणजे ताऱ्यांवरून दिशा जुळवणं. यादीत ३७ तारे, क्रमांक अष्टमानात, म्हणून शेवटचा तारा ३७ नव्हे तर ४५. आपल्या ओळखीचे त्यात बरेच. व्याध १५, अगस्त्य १४, रोहिणी ११, मघा २२, चित्रा २६, स्वाती ३१, ज्येष्ठा ३३, अभिजित ३६, श्रवण ४०. दुर्बिणीच्या फुलीवर तारा आणायचा आणि खूण करायची. असे दोन तारे. मग संगणक सांगतो की तुम्ही मोजलेलं दोघांतलं अंतर आणि खरं अंतर ह्यांत फरक किती. पाच शून्यं आली की पठ्ठ्यानं हात मारला.

गच्चीवर यादी घेऊन गेलो तर ढग. कोल्हापूरचा पाऊस. ऑक्टोबरात अभिजित आणि श्रवण सापडले, बाकीचे गावाच्या उजेडात हरवले.

जमल्यावर एक पुढची पायरी

फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ चं यान उतरायच्या बेतात, आणि मोहीम रद्द करायचं बटण कुणी न दाबता अधूनमधून दाबल्यासारखं दिसायला लागलं. बहुधा आत सोल्डरचा एक कण सुटून फिरत होता. इंजिन पेटल्यावर संगणकानं ते बघितलं असतं तर उतरणं तिथंच रद्द. प्रोग्रॅम तर विणलेला, बदलता येत नाही. एमआयटीतल्या डॉन आइल्सनं थोड्या वेळात तोड काढली आणि ती यानातल्या मिचेल ह्या अंतराळवीरानं बटणांनी भरली. त्यातला एक तुकडा असा:

व्हर्ब २१, नाउन ०१, एंटर. १०१०, एंटर. १०७, एंटर.

नाउन ०१ म्हणजे मेमरीचा पत्ता मी सांगतो. १०१० हा पत्ता, तिथं चालू प्रोग्रॅमचा क्रमांक असतो. आणि १०७ अष्टमानातलं, दशमानात ७१. प्रोग्रॅम ७१ म्हणजे मोहीम रद्द करून वर निघणं. म्हणजे संगणकाला कानात सांगितलं, 'अरे, रद्द आधीच चालू आहे, बटणाकडे बघायची गरज नाही.' तो बटणाकडे बघायचा थांबला आणि यानातले दोघं उतरले. आमच्याकडे बिघडलेल्या लिमिट स्विचला, म्हणजे मशीनला हद्दीत थांबवणाऱ्या स्विचला, पॅरामीटर बदलून फसवतात, ते आठवलं. कुठल्या शॉपमध्ये ते विचारू नका.

बंद करताना

लॅपटॉप तसाच मिटू नका. मुख्य यानाच्या प्रोग्रॅममध्ये व्हर्ब ३७ एंटर, ०६ एंटर. व्हर्ब ५० नाउन २५ लुकलुकेल आणि पहिल्या ओळीत ०००६२ येईल. ५० म्हणजे 'कृपया हे करा', आणि ६२ म्हणजे 'मला झोपवा'. प्रोसीड दाबून धरा, 'स्टँडबाय'चा दिवा लागेपर्यंत सोडू नका. भाची ते बटण दोन्ही अंगठ्यांनी धरते आणि दिवा लागला की हळूच सोडते. पुन्हा उठवायचा असेल तर परत प्रोसीडच.